न घडलेल्या घटनेचा पंचनामा

ठिकाण गिरणारे रस्ता, दुगावच्या अलीकडचं वळण.
वेळ सकाळी सहा चाळीस. धुकं गुडघ्याएवढं.
लिहिणार मी, हवालदार,
एकतीस तारखेला निवृत्त होणारा.
समक्ष पंच दोन:
रंगनाथ थेटे, पंक्चरवाले, तोंडात ब्रश;
आणि सुलोचना बेंडकोळी, अंगणवाडी मदतनीस,
म्हणाल्या, सही करते, पण कोर्टात येणार नाही.
यावं लागणार नाही, मी म्हटलं,
हा कागद माझ्याच वहीत राहणार.

पिकअप गिरणाऱ्याकडून, भरलेली,
टोमॅटोचे क्रेट एकावर एक सहा थर,
चालक रात्रभराचा जागा, एका हाताने डोळे चोळत.
मुलगी, अंदाजे आठवीतली, सायकलची चेन पडलेली,
म्हणून रस्त्याच्या मधोमध वाकून उभी.

एवढं सगळं जमून आलं होतं.
हे असं जमून आलं
की मागाहून टेप घेऊन पोचायचं,
एकतीस वर्षं माझं काम हेच.

पिकअपला पट्टे दिसले.
वेग उतरला, क्रेट खडखडले,
मुलगी सायकल ओढत कडेला झाली.
चालक ओरडला, "रस्ता काय घरचा आहे का गं?"
ती म्हणाली, "हो."

घसरल्याच्या खुणा: नाहीत.
फुटलेली काच: नाही.
रक्त: शब्द सवयीने लिहिला, खोडला.
मुद्देमाल: टोमॅटो एक, वरच्या थरातून पडलेला.
जप्त करणार होतो. तोवर मुलीने खाल्ला.

याच वळणावर तीन वर्षांमागे मी लिहिलं होतं,
भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने,
रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.
हे वाक्य हाताला इतकं पाठ आहे
की झोपेतही शुद्धलेखन चुकत नाही.
त्या दिवशी जेवणाचा डबा बाजूला पडला होता,
झाकण घट्ट. आतली मेथी अजून कोमट.
कोमटपणाला रकाना नव्हता.

ठाण्यात परतताना मोटारसायकलवर
पहिल्यांदाच ते वाक्य अडकलं.
परिस्थितीकडे दुर्लक्ष. बरं.
वळणाची पाटी घाणेरीच्या झुडपात,
गतिरोधक डांबराच्याच रंगाचा,
असून नसल्यासारखा.
चालकाचं दुर्लक्ष असेल दोन-तीन सेकंदांचं.
आमचं, चार पावसाळे.

मी बांधकाम खात्याला तीन पत्रं दिली.
तिन्हींचे आवक क्रमांक माझ्याकडे आहेत,
म्हणून दाखवू शकतो.

मग एका रविवारी कोयता घेतला, झुडूप तोडलं.
सातपूरहून चार लिटर पांढरा रंग आणला होता,
खरं तर घराच्या खिडक्यांसाठी,
हे बायकोने दोनदा सांगितलं.
थेटेंनी दोरी धरली.
गाड्या आल्या की दोघं कडेला,
गेल्या की पुन्हा गुडघ्यावर.
पट्टे वाकडे आले. तिसरा फारच,
थेटेंना शिंक आली होती.

पिकअपचा चालक थांबला नाही, का थांबेल,
त्याच्या लेखी काहीच झालं नव्हतं.
बाजार गाठायचा होता, गाठला असेल,
भावावरून कुणाशी भांडला असेल,
घरी जाऊन बनियनवरच झोपला असेल.
मी टेप उलगडला आणि तसाच गुंडाळला.

सुलोचनाबाईंनी पूर्ण वाचून सही केली.
थेटेंनी न वाचता.
बाई म्हणाल्या, ह्यात पोरीचं नाव नाही.
विचारायचं राहिलं.
ती वळणापलीकडे गेली होती,
उभ्याने पायडल मारत, चेन पुन्हा करकरत.
डब्याच्या तळाशी बोटभर रंग उरलाय,
दोन पट्टे पुसट होत आलेत.
नाव उद्या विचारीन.
उद्या शाळा आहे.